बाबांसाठी अंत्यविधी सेवा निवडताना

गेल्या पावसाळ्यात पहाटे दोनच्या सुमारास बाबा पुण्यात कोथरूडच्या राहत्या घरी वारले. धाकटा भाऊ सिंगापूरला असल्यामुळे तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचणार होता, आणि तोवर पार्थिव कसे जपायचे हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न होता. वैकुंठ स्मशानभूमीची माहिती होती. पण शीतपेटी, तिरडीचे सामान आणि कागदपत्रे सांभाळणारी खासगी सेवा शोधावी लागणार होती. डॉक्टरांना असते तशी या व्यवसायाला कोणतीही नोंदणी परिषद नाही, त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते, तीही आयुष्यातल्या सर्वांत वाईट रात्री.

पहिल्या ठिकाणी फोनवर ‘सगळं पॅकेजमध्ये येतं, आधी पैसे पाठवा’ एवढेच ऐकू आले. शीतपेटीचे भाडे वेगळे किती, याचे उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही.

दुसऱ्या गृहस्थांनी पैशांचा विषय काढण्याआधी तीन प्रश्न विचारले. मृत्यूचे कारण लिहून देणारे डॉक्टर कोण? नेत्रदानाची इच्छा होती का? छातीत पेसमेकर आहे का? तिसऱ्या प्रश्नाने मी हादरले, कारण पेसमेकर होता आणि घरात कोणालाही त्याची आठवण झाली नव्हती. दाहिनीत त्याचा स्फोट होऊ शकतो, म्हणून कुटुंबाची लेखी संमती घेऊन तो आधी डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो, हे त्यांनी शांतपणे समजावले. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हायला हवे, तोवर पंखा बंद ठेवून पापण्यांवर ओला कापूस ठेवा, हेही त्यांनीच सांगितले. आईने लगेच होकार दिला. माझा निर्णय त्याच क्षणी झाला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी घरी झालेल्या मृत्यूसाठीचा ‘नमुना ४-अ’ भरून दिला. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, हे त्या गृहस्थांनी पुन्हा एकदा बजावले. बाबांच्या बोटातली अंगठी काढताना त्यांनी ती कागदावर नोंदवून माझी सही घेतली आणि एक प्रत मला दिली. दरपत्रकही तसेच होते: शीतपेटी, गाडी, सामान, माणसे, प्रत्येकाची रक्कम वेगळी. शेवटचे बिल त्याहून एका रुपयानेही वाढले नाही.

त्यांच्याबरोबर आलेल्या दोन मुलांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. पार्थिव उचलण्यापूर्वी त्यांतला एक जण बाबांच्या कानाजवळ वाकून ‘काका, उचलतो हं आता’ असे म्हणाला. मग त्याने आईला विचारले, ‘काका रोज दाढी करायचे का?’

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ विमानतळावरून थेट घरी आला. शीतपेटीचे झाकण उघडल्यावर त्याने बाबांच्या गालावरून हात फिरवला. दाढी केलेली होती.