पट्टी सरकते, गाणं आक्रसत नाही (कराओके नोंद सहावी)

शनिवारी सकाळी अकराला हितोकाराची, म्हणजे इथे जपानात एकट्याने कराओके गायची खोली घेतली, तीन तास एकटी गायले आणि पाच आठवडे छळणारा गुंता एकदाचा सुटला. 'फर्स्ट लव्ह' मात्र जमलं नाही. ते यादीतून काढलं. पण का जमत नव्हतं हे आता पट्ट्या मोजून सांगता येतं, आणि त्या मोजणीमुळे बोनेनकाईच्या (ऑफिसच्या वर्षअखेरच्या मेजवानीच्या) निजिकाईसाठी, म्हणजे मेजवानीनंतरच्या दुसऱ्या बैठकीसाठी, आपण केलेली यादी बरीचशी बदलावी लागणार आहे.

आधीच्या नोंदी वाचलेल्यांना माझी ए-मेलोची अडचण माहीत आहे: गाण्याच्या सुरुवातीच्या खालच्या स्वरांतल्या भागात, म्हणजे ए-मेलोत, माझा आवाज बुडतो. 'फर्स्ट लव्ह' हे जपानी गायिका उताडा हिकारूचं १९९९चं गाणं, तेव्हा ती अवघी १६ वर्षांची. चाल संथ, त्यामुळे पडद्यावरची कांजी (चिनी चित्राक्षरं) वाचायला वेळ मिळतो. एवढ्यावर मी त्याला 'सोपं' म्हटलं होतं. मूळ पट्टीत साबी, म्हणजे धृपदाचा चढा भाग, आली की गळा आवळायचा. देनमोकुवर (गाणी निवडायच्या टॅबलेटवर) दोन पट्ट्या उतरवल्या, पहिली साबी निघाली. पण शेवटच्या साबीला तेन्चो, म्हणजे पट्टीबदल, आहे, गाणं अख्खंच वर चढतं, आणि तिथे आवाज फाटला. मग चार पट्ट्या उतरवल्या. तेन्चोसुद्धा निभावलं, पण आता ए-मेलो तळाला गेला.

तळाला म्हणजे किती, ते पडद्यावर दिसतं. सेइमित्सु साइतेन, म्हणजे मशीनची बारकाईने गुण देण्याची सोय, लावलं की स्वरांच्या आडव्या दांड्या सरकत येतात आणि आपला आवाज लागला की त्या भरत जातात. पहिल्या दोन ओळींच्या दांड्या कोऱ्याच निघून जात होत्या. मी गात होते, मला माझं ऐकू येत होतं, पण माइकपर्यंत नुसता श्वास पोचत होता. गुण ७६च्या पुढे जाईनात.

मग सगळे उपाय झाले. माइक ओठांना टेकवून पाहिला, तर साबीला कर्कश वाजला. एको पार कमी केला, म्हणजे निदान स्वतःचा स्वर तरी खरा ऐकू येईल (हे सगळ्यांनी कराच, खोलीत शिरल्याशिरल्या, जास्त एकोमध्ये आपण सुरात आहोत असा नुसता भास होतो). साबी उरागोएत, म्हणजे खोट्या आवाजात, घेतली, पण खालच्या भरीव आवाजातून त्या पातळ आवाजात जाताना सांधा दिसायचा. एका ठिकाणी तर माइकच मध्येमध्ये गप्प व्हायचा. खाली फोन करून बदलून घेतला. संकोच करू नका, पैसे आपण मोजतो.

तिसऱ्या आठवड्यात वहीच खोटी पडली. प्रत्येक गाण्यापुढे मी 'उणे २', 'उणे ३' असे आकडे लिहिते. तेच गाणं, तोच आकडा, पण मशीन दुसरं, आणि गळ्याला स्वर वेगळाच लागला. वाटलं आपलाच घसा बसलाय. तसं नव्हतं. मशीनवर गाणं ज्या पट्टीत सुरू होतं ती प्रत्येक वेळी मूळ गाण्याचीच असते असं नाही. म्हणून तर 'गेनक्योकु की'चं, म्हणजे मूळ गाण्याच्या पट्टीचं, वेगळं बटण दिलेलं असतं. आधी ते दाबायचं, मग तिथून खाली-वर मोजायचं. मशीन डॅमचं असो की जॉयसाउंडचं, आता माझा हाच नेम. वहीतले जुने आकडे खोडले. तुम्हीही माझ्या चौथ्या नोंदीतला तक्ता वापरू नका.

तरी ए-मेलो बुडतच होता. शेवटी गेल्या रविवारी फोनवरची पेटी उघडली आणि दोन गोष्टी मोजल्या. माझा गळा न ताणता खालच्या सप्तकातल्या पांढरी चारपासून मधल्या सप्तकातल्या काळी पाचपर्यंत जातो. म्हणजे १७ पट्ट्यांचा पल्ला. इथल्या भाषेत वरचं टोक हाय-ए शार्प. मग गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर पेटीवर शोधला, तेन्चो धरून. गाणं माझ्या पल्ल्याहून रुंद निघालं. विषय संपला! पट्टी बदलली की गाणं वर-खाली सरकतं, आक्रसत नाही. वरून वाचवलं की खालून सांडणार, खालून उचललं की वर फाटणार. पाच आठवडे मी दोन हात लांबीच्या खाटेवर तीन हातांची सतरंजी बसवत होते.

तेव्हा आता निवडायची रीत उलटी. आधी गाण्याची रुंदी, मग पट्टी, आणि वेग सगळ्यात शेवटी. संथ गाणं सोपं हा समज तर काढूनच टाका. संथ गाण्यात श्वास पुरवावा लागतो आणि प्रत्येक स्वर उघडा पडतो.

या रीतीने शनिवारी पहिलं घेतलं मोरिताका चिसातोचं 'वातारासेबाशी', १९९३चं. तोचिगीतल्या आशिकागा गावच्या पुलाचं गाणं. शब्द तिचेच, आणि ते बोलल्यासारखे येतात. साबीसाठी दम साठवून उडी मारावी असं त्यात काही नाही. गेनक्योकु की दाबलं, दोनच पट्ट्या उतरवल्या आणि पहिली दांडी भरली. दुसरी भरली. सगळी ओळ भरली! खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. गुण ८८, दुसऱ्या खेपेला ९१. नव्वदी पहिल्यांदाच ओलांडली, त्यामुळे पडद्याचा फोटो काढून ठेवलाय.

उरलेले गुण कुठे गेले तेही कळलं. भावगीतं शिकताना स्वरावर खालून घसरत यायची सवय लागली आहे. मशीन त्याला शाकुरी म्हणतं आणि मोजतं. माझ्या एका गाण्यात ४० शाकुरी निघाल्या. एकेक स्वर सरळ, पेटीच्या पट्टीवर बोट ठेवल्यासारखा लावला तर सूर जास्त जुळतो. दुसरी गोष्ट 'न्'ची. जपानी गाण्यात 'न्'ला स्वतःचा स्वर मिळतो, कधीकधी चांगला लांब. आपण तो मागच्या अक्षराला चिकटवून मोकळे होतो आणि मग अर्धी मात्रा पुढे पळतो. 'न्'वर थांबा, नाकात गुंजू द्या. 'त्सु' आणि 'झा'ची काळजी आपल्याला नको, चटणीतला च आणि जहाजातला ज ज्याच्या तोंडात आहे त्याला ते आयतेच येतात.

दुसरं घेतलं 'उए ओ मुइते आरुको'. साकामोतो क्यूचं १९६१चं गाणं, १९६३मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. पुरुषाचं म्हणून मी ते आजवर बाजूला ठेवलं होतं. त्याची बरीचशी चाल भूपच्या स्वरांत चालते. इथे त्याला योनानुकी म्हणतात, म्हणजे चौथा आणि सातवा स्वर गाळलेला, आपले मध्यम-निषाद वर्ज्य. मधल्या भागात मध्यम डोकावतो, तेवढं सांभाळायचं. ज्यांनी शाळेत पेटीवर भूप वाजवलाय त्यांना अर्ध्या तासात येईल. शिवाय ऑफिसातले साठीचे लोकही सोबत गातील, हे निजिकाईत फार महत्त्वाचं.

तिसरं मात्सुदा सेइकोचं 'आकाई सुइतोपी' (१९८२) घ्यायचं ठरवलं होतं. यादीत त्याच्यापुढे माझंच नाव आहे. पण आत्ता हे लिहिताना दुसरंच सुचतंय. आपण दोघी-दोघींनी का गाऊ नये? पफी या दोघी गायिकांच्या जोडीचं 'आजिया नो जुन्शिन' (१९९६, शब्द इनोउए योसुई, चाल ओकुदा तामिओ) दोघी बहुतेक एकाच सुरात गातात. शब्दांत देशांची आणि शहरांची नावं एकापुढे एक येतात, पुष्कळसं काताकानात, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या सोप्या लिपीत, त्यामुळे कांजीची भीती नाही. आणि दोन आवाज असले की एकीचा ए-मेलो बुडाला तरी दुसरीचा तरंगतो! हे आधी सुचायला हवं होतं. पहिल्यांदा गाणाऱ्या ज्या तिघी-चौघी आहेत त्यांना एकटीने माइक धरायला लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

म्हणजे सेइको पुढे ढकलली, पफी आधी. रुंदी मी उद्या मोजते आणि पट्टी कळवते. तोवर प्रत्येकीने पेटीवर आपला सगळ्यात खालचा आणि वरचा स्वर काढून ठेवा, सकाळी उठल्याउठल्या नको, तेव्हा घसा खोटं खाली जातो. संध्याकाळी, चार गाणी गाऊन झाल्यावर मोजा. पुढच्या शनिवारी दोन वाजता मोठी खोली घेतली आहे, दोन माइक मिळतील. जोड्या तिथे लावू, ज्यांचे पल्ले जवळचे त्या एकत्र.