साडेतीन मिलिमीटर आणि एक उधाण

बोट 38 फुटांची, फायबरची, शिडाची. मुंबईहून कोची, म्हणजे सुमारे 600 सागरी मैल, आणि तिथून पुढे मालदीव. मालकांची यादी पाच ओळींची होती: तळाला अँटिफाउलिंगचे (शेवाळ-शिंपले चिकटू न देणाऱ्या रंगाचे) दोन हात, नवे झिंक (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे), ग्लँडचं पॅकिंग (बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा तळातून बाहेर पडतो तिथलं पाणी अडवणारं), ऑइल-फिल्टर, इम्पेलर (इंजिनाच्या पाण्याच्या पंपातलं चाक). कार्तिकी पौर्णिमेच्या उधाणाला बोट स्लिपवर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या रुळांच्या उतारावर, घेतली आणि येत्या अमावास्येला खाली सोडतो असं मी सांगितलं. उतरली ती सहा आठवड्यांनी. त्यातले शेवटचे चौदा दिवस कशामुळे गेले, हे अजून डोक्यातून जात नाही.

आधी स्लिपचं गणित. या बोटीची कील, म्हणजे तळाखालचा वजनदार कणा, दोन मीटर खोल. आमच्या स्लिपवर तिला तरंगण्याइतकं पाणी फक्त उधाणाच्या भरतीला मिळतं. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून चतुर्थीपर्यंत, फार तर चार-पाच भरत्या. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत बोटीखालचा गाडा रुळावरून हलवण्यात अर्थच नाही. हिवाळ्यात मोठी भरती रात्रीची, आणि तिथीची पाऊणपट केली की वेळ मिळते: तृतीयेला सव्वादोन. म्हणजे पहाटे सव्वादोनला सगळं तयार नसेल, तर पुढची संधी पंधरवड्याने. एखादा भाग दोन दिवस उशिरा आला की काम दोन दिवस लांबत नाही, चौदा दिवस लांबतं. मालकांना हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं, आणि पहिल्या दिवशी कुणाला ते पटत नाही.

सगळे रंगापासून सुरुवात करतात. रंग दिसतो, फोटो निघतो. माझ्या मते पहिल्या दिवशी ब्रशला हातच लावू नये. आधी तळातलं प्रत्येक भोक तपासावं. इथे पाण्याखाली सहा व्हॉल्व्ह होते. चाकूच्या टोकाने बाहेरून खरवडलं तर तिघांखाली पिवळा धातू लागला, तिघांखाली गुलाबी. गुलाबी म्हणजे साधं पितळ: खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून गेलं आणि मागे तांब्याचा भुसभुशीत सांगाडा उरला. एकाची मान हातोडीच्या हलक्या टोल्याने तुटली. पाण्याखाली दोन फुटांवर 25 मिलिमीटरचं भोक उघडं पडलं, तर मिनिटाला साधारण 60 लिटर पाणी आत येतं, मिनिटाला तीन बादल्या. पूर्वी कुणीतरी नळाच्या दुकानातले व्हॉल्व्ह बसवले होते. गनमेटलचे मिळत असताना हे करणाऱ्याला माफी नाही.

तरीही अमावास्या गाठता आली असती. अडकवलं शाफ्टने, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याने. ग्लँडचं जुनं पॅकिंग हुकने काढलं आणि शाफ्टवर चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके दिसले. बोट जवळजवळ वर्षभर पाण्यात नुसती उभी होती. पॅकिंगखाली पाणी साचून राहतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि स्टेनलेसवरचा संरक्षक थर पुन्हा जमत नाही. मग गंज वरून पसरत नाही, सुईने टोचल्यासारखा आत शिरतो. सुई घालून पाहिली, दीड मिलिमीटर गेली. शाफ्ट 30 मिलिमीटरचा.

मालक म्हणाले, "दादा, पॉलिश करून नवं पॅकिंग भरलं तर कोचीपर्यंत नाही जाणार?"

मी नाही म्हटलं. मुंबईपासून दक्षिणेला रात्री जाळी लागतात. पंख्यात जाळं गुंडाळलं की सगळा पीळ शाफ्टवर येतो, आणि नेमका तिथेच तो तुटला तर मागे सरकून नळीतून बाहेर येऊ शकतो.

शाफ्ट काढायला चार दिवस गेले. तो मागे ओढायचा तर सुकाणू आड येतं, म्हणून आधी सुकाणू उतरवायचं. शाफ्टला गिअरबॉक्सशी जोडणारं कपलिंग शाफ्टवर गच्च बसलेलं. त्यावर हातोडा घालू नये, गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. कपलिंगची दोन तोंडं सोडवून मध्ये शाफ्टच्या टोकाला टेकेल असा सॉकेट ठेवायचा आणि लांब बोल्ट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गोळी सुटल्यासारखा आवाज झाला आणि कपलिंग हललं.

नवा बार मुंबईतल्या गुलालवाडीच्या बाजारातून. तिथे लोहचुंबक लावून दाखवतात, चिकटत नाही म्हणून 316, म्हणजे खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं स्टेनलेस. हे चूक आहे. 304 या साध्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटत नाही. फरक मॉलिब्डेनमचा, 316 मध्ये ते 2 ते 3 टक्के असतं, आणि ते थेंबाच्या चाचणीने रंग बदलला तरच कळतं. पहिल्या दुकानातला बार नापास झाला, दुसऱ्या दुकानातला पास.

आता ते साडेतीन मिलिमीटर. पंखा शाफ्टवर टेपरने, म्हणजे निमुळत्या टोकावर, बसतो. इथला टेपर 1:10, लांबी 75, मोठं टोक 30, लहान 22.5 मिलिमीटर. लेथची कंपाउंड स्लाइड (हत्यार तिरकं सरकवणारा भाग) त्यासाठी 2 अंश 52 मिनिटांवर लावावी लागते, आणि तिच्यावरच्या खुणा अख्ख्या अंशाच्या. टर्नरने 3 वर लावली. तो हाताचा उत्तम माणूस आहे, पण मी त्याला फक्त मापांचा कागद दिला होता. पंखा पॉलिश आणि बॅलन्सला दुसरीकडे गेला होता, म्हणून बरोबर पाठवला नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शाफ्टवर निळा (कुठे टेकतं ते दाखवणारा रंग) लावला, चावी (पंखा शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसणारी पट्टी) न घालता पंखा चढवला, दाबून फिरवला, उतरवला. निळा सगळीकडे सारखा लागायला हवा. तो पुढच्या टोकाला बोटभर रुंदीच्या कड्यापुरता लागला होता, मागे कोरडं. हिशेब केला: लहान टोकाला प्रत्येक बाजूला 0.18 मिलिमीटर फट. असाच नट आवळला असता तरी पंखा फिरला असता. पण टेपरने धरायचं ओझं चावीवर गेलं असतं, आणि चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून तडा सुरू झाला असता.

शाफ्ट वाया गेला नाही. टेपर साडेतीन मिलिमीटर पुढे सरकवून पुन्हा कापता आला, आणि पंखा तेवढा पुढे येणं या बोटीला चालत होतं. या वेळी मी पंखा घेऊन लेथपाशी उभा राहिलो. सरळ बारवर डायल टेकवून स्लाइड 20 मिलिमीटर सरकवली की काटा 1 मिलिमीटर दाखवायला हवा; 3 अंशांवर तो 1.05 दाखवतो. पाच मिनिटांची तपासणी. काम दोन दिवसांचं, पण चावीची खाच खोल करायला मशीन मोकळं होईपर्यंत चतुर्थी उलटली.

मार्गशीर्ष अमावास्येनंतर पहाटे बोट उतरली. डिझेल आणि पाण्याच्या टाक्या भरून एक दिवस तशीच ठेवली, कारण गाड्यावर टेकलेल्या बोटीचा आकार आणि तरंगत्या बोटीचा आकार सारखा नसतो. स्लिपवरची अलाइनमेंट, म्हणजे शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत आणणं, कामाची नाही. कपलिंग 100 मिलिमीटरचं, म्हणून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फटीतला फरक 0.1 मिलिमीटरच्या आत. पॅकिंगच्या चार रिंगा तिरक्या कापून, सांधे एकमेकांपासून सरकवून भरल्या. चालत्या शाफ्टला मिनिटाला दोन-तीन थेंब ठेवले. अजिबात न गळणारं ग्लँड शाफ्ट जाळतं.

बोट गेल्यावर जुना शाफ्ट ग्लँडच्या जागी करवतीने आडवा कापला. पृष्ठभागावर भोक सुईच्या टोकाएवढं, आत वळून पोकळी चार मिलिमीटर खोल, काळी. सुई दीड मिलिमीटरवर वळणाला अडली होती. मालकांनी कोचीहून विचारलं, खरंच तुटला असता का? तो तुकडा टेबलावर आहे, आणि फोनवर मी त्यांना फक्त आकडा सांगितला.