सगळे एकसारखेच तर आहेत, मग इतके कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. खरं तर घरी येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. कपाट उघडलं की आत एकावर एक काळे चपटे डबे दिसतात, म्हणजे जुने घरगुती संगणक, रबरी बटणांचे, उजव्या कोपऱ्यात चार रंगांचे तिरके पट्टे असलेले. पाहुणे दोन डबे उलटसुलट करून बघतात आणि म्हणतात, "अहो, हे सगळे एकच आहेत. एक ठेवा, बाकीचे देऊन टाका." बायकोचं मतही साधारण तेच आहे, फक्त ती ते प्रश्नचिन्ह न लावता सांगते.

तर, ते एक नाहीत. बाहेरून एक आहेत.

सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम इंग्लंडमध्ये जाहीर झाला २३ एप्रिल १९८२ रोजी. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. घरातल्या टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरवरून भरायचे. स्वस्तात द्यायचा हे एकदा ठरल्यावर आतलं सगळं त्या हट्टापायी घडत गेलं, आणि पुढची काही वर्षं आतला बोर्ड बदलत राहिला. प्रत्येक बदलाला इश्यू नंबर मिळाला आणि तो बोर्डवरच छापला गेला. पाच स्क्रू काढल्याशिवाय तो दिसत नाही.

इश्यू १ उघडला की एक चिप पाय वर करून पडलेली दिसते. फेरांटी कंपनीने बनवून दिलेल्या मुख्य चिपमध्ये, म्हणजे यूएलएमध्ये, चूक राहिली होती. तयार माल फेकून देणं परवडणारं नव्हतं, म्हणून एक साधी चिप उलटी करून तारांनी जोडली. संग्राहक तिला 'मेलेलं झुरळ' म्हणतात. इश्यू २ मध्ये झुरळ गेलं, पण प्रोसेसरच्या पायांवर एक ट्रान्झिस्टर वरून सोल्डर केलेला सापडतो. घाईत झालेली ही कामं. कुठल्याही जाहिरातीत त्यांचा उल्लेख नाही, बोर्डवर मात्र ती लपवता येत नाहीत.

मला सगळ्यात आवडते ती मेमरीची भानगड. ४८ केबीच्या यंत्रात वरच्या ३२ केबीसाठी आठ चिप्स असतात. त्या मूळच्या ६४ किलोबिटच्या, पण कारखान्याच्या चाचणीत अर्धा भाग नापास झालेल्या. सिंक्लेअरने त्या स्वस्तात उचलल्या आणि चांगला अर्धा भाग तेवढा वापरला. अट एकच: आठही चिप्सचा एकाच बाजूचा अर्धा भाग चांगला हवा. कुठली बाजू, ते सांगायला बोर्डवर तारेचा एक छोटा दुवा असतो. दोन यंत्रं शेजारी ठेवा, दुवा वेगवेगळ्या जागी दिसू शकतो. गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही की आपण अर्ध्या नापास चिप्सवर खेळ खेळतोय. मला हे ग्रेट वाटतं. फसवणूक वाटत नाही.

या फरकांचा उपयोग काय, असं तुमच्या चेहऱ्यावर आलंय. एक उदाहरण देतो. कीबोर्ड वाचण्यासाठी प्रोसेसर २५४ नंबरच्या पोर्टला विचारतो. एकही बटण दाबलेलं नसेल तर इश्यू २ उत्तर देतो २५५ आणि इश्यू ३ देतो १९१. हे उत्तर आठ बिटांचं, म्हणजे आठ शून्य-एकांचं असतं, आणि बटणांचा संबंध फक्त शेवटच्या पाच बिटांशी. फरक पडला तो कॅसेटच्या आवाजासाठी असलेल्या बिटामुळे. पण सुरुवातीच्या काही खेळांच्या लेखकांनी अख्खा आकडाच तपासला होता. नव्या यंत्रावर त्या खेळांना वाटायचं कोणीतरी बटण दाबून बसलंय. आजही स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'इश्यू २ कीबोर्ड' असा पर्याय असतो. कोणीतरी दोन 'सारखे' डबे शेजारी ठेवून नोंद केली, म्हणून तो पर्याय आहे.

वरच्या कवचावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. १९८४ मध्ये कडक बटणांचा स्पेक्ट्रम प्लस आला, तेव्हा जुन्या मालकांसाठी नव्या कवचाचा संचही विकायला होता. लोकांनी घरी बसून जुना बोर्ड त्यात बसवला. म्हणून 'प्लस' उघडल्यावर आत इश्यू २ निघाला तर मी चकित होत नाही. कवच, बोर्ड आणि तळाचा अनुक्रमांक या तीन गोष्टी मी वेगवेगळ्या लिहितो. चिपवरचे चार आकडेही लिहितो: ८३३१ म्हणजे १९८३ चा ३१ वा आठवडा. यंत्राचं वय त्याच्या सगळ्यात नव्या चिपवरून कळतं, आणि ती चिप दुरुस्तीत बदललेली असेल तर तेवढंही नाही.

स्पेक्ट्रमच्या बाहेरचंही एक सांगायलाच हवं. स्पेनमध्ये १९८५ च्या सुमारास ६४ केबी किंवा त्याहून कमी मेमरीच्या आयात संगणकांवर कर बसला. ॲमस्ट्रॅड या ब्रिटिश कंपनीच्या सीपीसी ४६४ या संगणकात नेमके ६४ केबी. तिथल्या वितरकाने, इंडेसकॉम्पने, ८ केबीची एक चिप आत बसवून त्याला सीपीसी ४७२ म्हणून विकलं. ती जास्तीची मेमरी यंत्राला वापरताच येत नाही! तिचं काम एकच, कायद्याच्या आकड्यापुढे जाणं. पुढे नियम बदलला, स्पॅनिश ñ अक्षराची अट आली, आणि ४७२ चा कीबोर्डही बदलला. कीबोर्ड सोडला तर वापरून बघणाऱ्याला ४६४ आणि ४७२ मध्ये फरक जाणवणार नाही. करखात्याचा इतिहास शोधणाऱ्याला मात्र ते यंत्र उघडावं लागेल.

आता आपल्याकडचं. पुण्यात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला, १९८६ च्या आसपास. इंग्लंडमध्ये तोवर सिंक्लेअरने संगणकाचा धंदा ॲमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांना विकलेला होता. त्याच दशकात मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने बीबीसी मायक्रो हा दुसरा ब्रिटिश संगणक 'युनिकॉर्न' या नावाने बनवला, सरकारच्या शाळांतल्या संगणक शिक्षणाच्या 'क्लास' योजनेच्या दिवसांत. परदेशातले संग्राहक या यंत्रांसाठी हळहळतात आणि आपल्याकडे ती माळ्यावरून थेट भंगारात जातात.

इथे वापरलेलं यंत्र हाती आलं की मी आधी मॉड्युलेटर, म्हणजे टीव्हीला चित्र पाठवणारा भाग, बघतो. ब्रिटिश यंत्र टीव्हीच्या यूएचएफ बँडवर चॅनेल ३६ ला चित्र पाठवतं, आणि त्या काळातल्या आपल्या कितीतरी टीव्हींना फक्त व्हीएचएफ बँड होता. म्हणजे कोणीतरी काहीतरी केलेलं असणार. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरून आलेल्या यंत्रात मॉड्युलेटरला बगल देऊन बाहेर काढलेली तार होती. मेमरीच्या दोन चिप्स वेगळ्याच कंपनीच्या, बहुधा पुण्यातल्याच पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणलेल्या. सोबत एक वही, कुठला प्रोग्रॅम कॅसेटच्या काउंटरवर कुठल्या आकड्याला सुरू होतो याची.

बाजाराच्या भाषेत हे यंत्र 'मूळ स्थितीतलं नाही', त्यामुळे किंमत कमी. माझ्या कपाटात त्याला सगळ्यात वरची जागा आहे. सीलबंद खोक्यांसाठी पैसे मोजणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण खोकं फोडायचंच नसेल तर आत इश्यू कुठला ते तुम्हाला कधी कळणार? त्यांच्याकडे ऐवज आहे, माहिती नाही. मला निवड करायला लावली तर बोर्डच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो ठेवीन आणि यंत्र दुसऱ्याला देईन. (हे बायकोला सांगू नका.) खराब कपॅसिटर बदलावे लागतात तेव्हा काढलेले जुने मी चिठ्ठी लावून पिशवीत ठेवतो, नाहीतर तीस वर्षांनी कोणीतरी माझीच दुरुस्ती कारखान्याची समजेल.

आणि तुम्ही मघाशी म्हणालात की काकांच्या माळ्यावर असंच काहीतरी आहे, तर तिथे जाल तेव्हा एवढं करा. पुसू नका, तळाचं लेबल निघून येतं. बिल, वॉरंटी कार्ड, वही, कॅसेटी, सगळं एकत्र राहू द्या. घरातला कुठलाही ९ व्होल्टचा अडॅप्टर लावून चालू करून बघू नका. स्पेक्ट्रमच्या प्लगमध्ये आतला भाग ऋण असतो, बहुतेक अडॅप्टरचं उलटं असतं, आणि चूक झाली तर बोर्ड जळू शकतो. कवच उघडलंत तर वरचा भाग झटकन ओढू नका, कीबोर्डच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या आत अडकवलेल्या असतात आणि इतक्या वर्षांनी त्या बिस्किटासारख्या तुटतात. त्यापेक्षा तळाचा फोटो काढून मला पाठवा आणि काकांना विचारून ठेवा, तो कुठून घेतला आणि दुरुस्तीला कोणाकडे जायचा.