इन्कम्बन्ट म्हणजे नुसतं ‘विद्यमान’ नव्हे

निवडणुकीच्या इंग्रजी बातमीत ‘इन्कम्बन्ट’ (incumbent, म्हणजे पदावर असलेली व्यक्ती) दिसलं की ‘विद्यमान’ लिहायचं आणि पुढे जायचं, ही सवय भाषांतर करणाऱ्या बहुतेकांना असते. बऱ्याचदा ते खपून जातं. पण हा शब्द एका व्यक्तीला एका ठरावीक पदाशी, एका ठरावीक वेळी बांधतो. म्हणून तो वापरण्याआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात: कोणतं पद, आणि केव्हा?

२०२४ ची अमेरिकी अध्यक्षपदाची निवडणूक घ्या. कमला हॅरिस इन्कम्बन्ट होत्या का? उपाध्यक्षपदाच्या होत्या, अध्यक्षपदाच्या नव्हत्या. इन्कम्बन्ट अध्यक्ष होते जो बायडेन, आणि त्यांनी जुलैतच माघार घेतली होती. डोनाल्ड ट्रम्प त्या वेळी माजी अध्यक्ष. म्हणजे अध्यक्षपदाच्या त्या लढतीत इन्कम्बन्ट उमेदवारच नव्हता. ‘सत्तेतल्या पक्षाचा उमेदवार’ आणि ‘इन्कम्बन्ट उमेदवार’ या दोन गोष्टी एकच समजल्या की बातमी चुकते.

‘केव्हा’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. १८८८ मध्ये इन्कम्बन्ट ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना बेंजामिन हॅरिसन यांनी हरवलं. १८९२ मध्ये इन्कम्बन्ट होते हॅरिसन, आणि क्लीव्हलँड यांनी त्यांना हरवलं. नावं तीच, पण शब्द एकाकडून दुसऱ्याकडे गेला. जुन्या घटनेबद्दल लिहिताना इन्कम्बन्ट म्हणजे त्या वेळी पदावर असलेली व्यक्ती. तिथे ‘विद्यमान अध्यक्ष’ लिहिलं तर वाचकाला ते आजचे वाटतात. ‘तत्कालीन अध्यक्ष’ किंवा ‘तेव्हा पदावर असलेले’ हेच बरोबर.

इन्कम्बन्ट असायला निवडून यावंच लागतं असंही नाही. जेराल्ड फोर्ड अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष म्हणून कधीच निवडून आले नव्हते. १९७४ मध्ये रिचर्ड निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे ते अध्यक्ष झाले. तरी १९७६ च्या निवडणुकीत जिमी कार्टर यांच्यासमोर इन्कम्बन्ट तेच होते. निकाल लागल्यावरही हा शब्द लगेच सरकत नाही. नोव्हेंबरात हरलेला अध्यक्ष २० जानेवारीला दुपारी मुदत संपेपर्यंत इन्कम्बन्टच असतो. त्याला ‘मावळते’ म्हणायलाही हरकत नाही, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. जिंकलेला मात्र तोवर ‘नवनिर्वाचित’.

आता उलट दिशेचा सापळा. ‘विद्यमान’ला मराठीत पदाची अट नाही. विद्यमान कायदा, विद्यमान परिस्थिती, विद्यमान इमारत हे सगळं चालतं. इंग्रजीत इथे ‘एक्झिस्टिंग’ किंवा ‘करंट’ येतं, इन्कम्बन्ट नाही. ‘पदाधिकारी’ हाही पर्याय नव्हे; तो ‘ऑफिस बेअरर’. नेमक्या मजकुरात मला ‘पदस्थ’ किंवा ‘पदधारक’ सर्वांत चोख वाटतात. तात्पुरता कार्यभार सांभाळणाऱ्याला ‘ॲक्टिंग’ म्हणतात, मराठीत प्रभारी. त्याला इन्कम्बन्ट म्हणण्याआधी नेमणुकीचा आदेश पाहावा. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तर हा फरक काटेकोर आहे: पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाचा, व्हिकार किंवा रेक्टर (तिथला मुख्य धर्मगुरू) हा इन्कम्बन्ट, पण ‘प्रीस्ट इन चार्ज’, म्हणजे नुसता कार्यभार सांभाळणारा धर्मगुरू, नव्हे. इन्कम्बन्ट हा शब्द मुळात चर्चच्या पदांसाठीच इंग्रजीत रुळला.

उद्योगाच्या बातम्यांत पद नसतंच. तिथे ‘इन्कम्बन्ट्स’ म्हणजे बाजारात आधीपासून पाय रोवून बसलेल्या कंपन्या. इथे ‘प्रस्थापित’ हा मराठी शब्द अगदी फिट बसतो. ‘अँटी-इन्कम्बन्सी’ला, म्हणजे पदावर असलेल्यांविरुद्धच्या मतदारांच्या नाराजीला, मात्र ‘प्रस्थापितविरोध’ म्हणताना जपावं, कारण मराठीत ‘प्रस्थापित’ म्हटलं की त्यात सत्तेबाहेर असलेली वजनदार घराणीही येतात. आमदाराबद्दलची नाराजी असेल तर ‘आमदारावरची नाराजी’, सरकारबद्दलची असेल तर ‘सरकारविरोधी कौल’ असं सरळ लिहावं. एकाच मतदारसंघात या दोन गोष्टी वेगवेगळ्या असू शकतात.

विशेषण म्हणून याचा दुसरा अर्थ पूर्ण वेगळा आहे. ‘इट इज इन्कम्बन्ट अपॉन द चेअरमन टू कॉल अ मीटिंग’ या वाक्यात विद्यमान कुणीच नाही. अर्थ इतकाच, की सभा बोलावणं हे अध्यक्षांचं कर्तव्य आहे. ओळखायची खूण सोपी: पुढे ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’, आणि मग ‘टू’सह क्रियापद. लॅटिन मूळ क्रियापदाचा अर्थ ‘वर टेकणं, भार टाकणं’. जबाबदारी अंगावर येते ती तिथून.

कार्यालयीन कागदांत ‘इन्कम्बन्सी’ भेटते, म्हणजे प्रत्यक्ष पदावर असण्याचा काळ. मुदत पाच वर्षांची असून दोन वर्षांनी राजीनामा दिला, तर ‘टर्म’ पाच वर्षांची आणि ‘इन्कम्बन्सी’ दोन. बँक कंपनीकडे ‘सर्टिफिकेट ऑफ इन्कम्बन्सी’ मागते, तेव्हा तिला सध्याचे संचालक व अधिकारी कोण आणि सही कोण करू शकतं, हे हवं असतं. सोबत बऱ्याचदा नमुना सह्याही लागतात. जमिनीच्या व्यवहारातलं ‘एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट’ हे नव्हे. ते मालमत्तेवरच्या बोजाबद्दल असतं, आणि तो शब्द अडथळा या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. अर्ज भरताना या दोन्हींची अदलाबदल झाली, तर भलताच कागद हाती येतो आणि अर्ज परत फिरतो.