गॅस होता, कॉम्प्रेसर होता, तरी वारा कोमटच

बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, इथे गाडीला एसी कशाला, असं म्हणणारी जुनी मंडळी आमच्या गल्लीत अजून आहेत. एप्रिलमधल्या भर दुपारी त्यांना एकदा कोल्हापूरहून निपाणीमार्गे गाडीतून घरी आणायला पाहिजे.

माझी गाडी म्हणजे केए २२ पासिंगची जुनी डिझेल सेडान. तिला ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल आहे. आकडा लावायचा, गार-गरम किती करायचं आणि पंखा किती फिरवायचा ते गाडी ठरवते. गेल्या उन्हाळ्यात तिचं काहीतरी बिनसलं. सकाळी उद्यमबागेत कामावर निघालं की पहिली काही मिनिटं झकास गार वारा यायचा, मग तो हळूहळू कोमट व्हायचा. हायवेवर तवंदी घाट चढताना तर मधल्या जाळीतून चक्क गरम झळ. २४ चं १८ केलं, मग डिस्प्लेवर 'लो' येईपर्यंत खाली आणलं. पंखा जोरात फिरला, वारा भरपूर आला, गारवा काही आला नाही. बायको म्हणाली, "खिडकी उघडा की, निदान डिझेल तरी वाचेल."

सल्ले फुकट मिळाले. ओळखीच्या गॅरेजवाल्याने जाळीपुढे हात धरला आणि लगेच निकाल दिला, "गॅस कमी झालाय ओ काका, टॉप-अप करूया की." दुसऱ्याने बॉनेट उघडून कान लावला. "कॉम्प्रेसर जाऊलालाय. आत्ता चालंल, खरं लई दिवस नाही." दोघांपैकी एकानेही गॅसचं प्रेशर मोजायचा गेज लावला नाही की थर्मामीटर काढला नाही. मी मशिन शॉपमधला माणूस. माप न घेता जॉब रिजेक्ट करायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे रविवारी घरीच बघायचं ठरवलं.

गॅसबद्दल आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच फुकट जातात. एसीतला आर-१३४ए हा गॅस डिझेलसारखा जळत नाही, संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि जिथून गळतो तिथे बहुतेक वेळा तेलकट डाग दिसतो, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरत असतं. किती गॅस बसतो ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. लहान गाड्यांत तो साधारण अर्ध्या किलोच्या आसपास. नीट भरायचा म्हणजे आधीचा काढून, व्हॅक्यूम करून, वजनाने भरायचा. अंदाजाने वर टाकलेला गॅस जास्त झाला तर प्रेशर वाढतं आणि गारवा उलट कमी होतो. हे काम घरी करायचं नाही, नळीचं जॉइंटही सोडायचं नाही. बाहेर उडणारा गॅस हाताची कातडी गोठवतो. मी जे केलं ते सगळं गॅसच्या नळ्या न उघडता केलं.

क्लायमेट कंट्रोल आत काय करतं हे कळल्याशिवाय पुढचं समजणार नाही. पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्याला गेलेल्यांनी हे अनुभवलेलं असतं: धुक्यात समोरची काच आतून धूसर होते, तेव्हा एसी चालू ठेवून वारा गरम करायचा, काच मिनिटभरात साफ होते. एकाच वेळी एसी आणि हीटर कसे चालतात? तर सगळा वारा आधी इव्हॅपोरेटरवरून, म्हणजे एसीच्या गार जाळीवरून जातो. तिथे तो थंड होतो आणि त्यातली वाफ पाणी होऊन गाडीखाली टपकते. पुढे वाटेत हीटरची जाळी असते, तिच्यात इंजिनाचं गरम पाणी फिरत असतं. मधे एक झडप. झडप जितकी उघडी तितका वारा हीटरवरून जातो आणि पुन्हा तापतो. याचा अर्थ भर एप्रिलमध्येसुद्धा तुमच्या डॅशबोर्डमागे ८५-९० अंशांची एक जाळी तयार असते, आणि तिच्यापासून तुम्हाला वाचवणारी वस्तू म्हणजे ती प्लॅस्टिकची झडप.

तेव्हा प्रश्नाचे दोन तुकडे पडतात. गार तयारच होत नाही? की तयार होतं, पण वाटेत बिघडतं? पहिलं असेल तर गॅस, तो दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर, किंवा त्याची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर. दुसरं असेल तर त्यांपैकी कशालाही हात लावायचं कारण नाही.

रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी सुरुवात केली. साहित्य फार नव्हतं: काडीचा डिजिटल थर्मामीटर, मल्टीमीटर आणि शॉपमधून आणलेली इन्फ्रारेड गन. काडी मधल्या जाळीत खोचली, आकडा 'लो', हवा आतल्या आत फिरवायचं बटण चालू. दोन-तीन मिनिटांत काडी ८ अंशांवर आली. चांगल्या एसीला एवढंच पाहिजे. ३-४ अंशांच्या खाली इव्हॅपोरेटरला मुद्दामच जाऊ देत नाहीत, नाहीतर त्याच्यावर बर्फ धरेल.

उभ्या उभ्या डिझेल इंजिन लवकर तापत नाही, म्हणून टिळकवाडीतून आरपीडी क्रॉसपर्यंत एक चक्कर मारली. इंजिनाच्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा जसा वर चढला तशी काडीही चढली. काटा मध्यावर टेकला तेव्हा जाळीतला वारा १९ अंशांवर होता. गाडी दारात उभी करून, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. एसीच्या दोन नळ्या आत जातात. बारीक नळी कोमट होती, ती तशीच असायला पाहिजे. कॉम्प्रेसरकडे परत येणारी जाड नळी हाताला बर्फासारखी गार, वर दवाचे थेंब. गनने मोजताना एक लक्षात ठेवा, चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खोटं बोलते. नळीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा आणि त्याच्यावर नेम धरायचा. तसं मोजलं तर नळी १० अंशांच्या खाली. गाडीखाली पाणी टपकत होतं, कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच पकडलेला होता.

म्हणजे गॅस होता, कॉम्प्रेसर होता, गार तयार होत होतं. घाटाबद्दल मनात एक शंका होती. चढाला इंजिनावर ताण आला की काही गाड्यांत कॉम्पुटर थोडा वेळ कॉम्प्रेसर तोडतो, तसं तर नाही? पण इथे दारात उभ्या गाडीत, क्लच धरलेला असताना वारा १९ होता. ती शंका गेली.

सेन्सरवर मी फार वेळ घातला नाही, त्याचं कारण आहे. ऑटोमध्ये गाडी केबिनचा सेन्सर, पुढच्या जाळीमागचा बाहेरच्या हवेचा सेन्सर आणि डॅशबोर्डवरचा उन्हाचा सेन्सर या तिघांचं ऐकून झडप किती उघडायची ते ठरवते. पण 'लो' लावलं की विचार संपला, झडप पूर्ण गारकडे गेलीच पाहिजे. 'लो'वर गरम येत असेल तर दोष हुकूम देणाऱ्यात कमी आणि तो पाळणाऱ्यात जास्त. तरी केबिन सेन्सरची गंमत करून बघितली. स्टिअरिंगजवळ जी बारीक जाळी असते तिच्यापुढे टिश्यू पेपरचा कपटा धरला, तो चिकटून राहिला. म्हणजे आतली हवा सेन्सरवरून ओढली जात होती. गाडीच्या कॉम्पुटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं ओबीडीचं स्वस्तातलं यंत्रही लावलं होतं, त्याला काही सापडलं नाही. सापडणार नव्हतंच. ती यंत्रं मुख्यतः इंजिनाचे 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतात, एसीच्या झडपांचे कोड 'बी'चे असतात.

आता पुरावा पाहिजे होता. इंजिनामागच्या लोखंडी भिंतीतून हीटरचे दोन रबरी पाइप आत जातात. माझ्या गाडीत त्या वाटेवर व्हॉल्व्ह नाही, पाणी बारा महिने फिरतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर त्यातल्या एका पाइपला दोन्ही बाजूंनी लाकडाच्या गुळगुळीत पट्ट्या लावल्या आणि छोट्या सी-क्लॅम्पने आवळून वाट बंद केली. पाइप जुना, कडक झालेला किंवा चिरलेला असेल तर हा उद्योग करू नका, फुटेल. पाण्याच्या काट्यावरची नजरही हलवू नका, कारण सगळ्या इंजिनांना ही वाट बंद केलेली चालत नाही. पुन्हा तीच चक्कर, काटा पुन्हा मध्यावर. काडी ८ वरून हलली नाही. क्लॅम्प काढला, गरम पाणी परत फिरलं आणि थोड्याच वेळात १७, १८. बाबा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. "सापडलं काय?" त्यांनी पेपर खाली न करता विचारलं.

सापडलं होतं, पण अजून बघितलं नव्हतं. बॅटरीची निगेटिव्ह सोडली, थोडा वेळ थांबलो आणि ग्लोव्ह बॉक्स उतरवला. डावीकडच्या एअरबॅगच्या वायरी तिथेच वर असतात. पिवळे कनेक्टर दिसले की त्यांना बोटही लावायचं नाही. त्यांच्याखाली, हीटरच्या खोक्याच्या कुशीत, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी होती, तीन स्क्रूंवर बसलेली. हीच झडप फिरवणारी मोटर, तिला ॲक्चुएटर म्हणतात. बॅटरी परत जोडून इग्निशन ऑन केलं, इंजिन बंदच. आकडा 'लो'वरून वर चढवत 'हाय'पर्यंत नेला. डबीतून टक, टक, टक असा आवाज आला आणि खालचा दांडा जागचा हलला नाही.

तिच्या कनेक्टरला पाच वायरी असतात: दोन मोटरच्या, तीन झडपेची जागा सांगणाऱ्या. त्या तिघींतल्या मधल्या वायरीत मागून टाचणी सरकवली आणि व्होल्टेज बघितलं. चांगल्या डबीत 'लो'पासून 'हाय'पर्यंत जाताना ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतं. माझं एकाच जागी थरथरत होतं. मोटरला करंट जात होता, मोटर फिरत होती, झडपेपर्यंत काही पोचत नव्हतं. डबी काढून उघडली तर आतल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या गिअरचे तीन दात सलग उडालेले, त्यांचा चुरा ग्रीसमध्ये.

उन्हाळ्यात ज्यांची गाडी अशी अडली असेल त्यांच्या कामाची गोष्ट आता. डबी काढल्यावर झडपेचा दांडा पक्कडीने हलक्या हाताने फिरवता येतो. इंजिन गरम ठेवून तो एका बाजूला नेला, झळ आली. दुसऱ्या बाजूला नेला, अर्ध्या मिनिटात गार. त्या टोकाला तो बाइंडिंग वायरने बांधून टाकला. बेळगावात मे महिन्यात हीटर कुणाला पाहिजे? डिस्प्लेवर एक दिवा लुकलुकत राहिला, पण नवीन पार्ट येईपर्यंत गाडी मस्त गार चालली.

पार्टची कथा थोडक्यात. एका शोरूमच्या काउंटरवर सांगितलं, नुसती मोटर येत नाही, हीटरची अख्खी असेंब्ली घ्यावी लागेल. मी डबीच्या स्टिकरवरचा नंबर कोल्हापूरच्या एका स्पेअर पार्टवाल्याला फोटो काढून पाठवला. त्याच्याकडून नुसती मोटर आली, कॉम्प्रेसरच्या सांगितलेल्या खर्चापुढे किरकोळ पैशांत. बसवण्याआधी झडपेच्या दांड्याच्या बुशला सिलिकॉन ग्रीस दिलं, कारण तो हाताने फिरवतानाच कुरकुरत होता, आणि माझ्या मते दात त्यानेच खाल्ले. मोटर बसवून बॅटरी जोडली, इग्निशन ऑन केलं आणि कोणत्याही बटणाला हात न लावता थांबलो. अशा वेळी झडप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वतःहून फिरते आणि आपल्या हद्दी मोजून घेते. मधेच बटणं दाबली तर अर्धवट माप घेऊन बसते.

त्यानंतर इंजिन पूर्ण गरम असताना 'लो'वर काडी ८ अंशांवर टिकून राहिली. २४ लावलं की केबिन गार झाल्यावर जाळीतला वारा चौदा-पंधरावर येतो. हे बिघाड समजू नका, गाडीने झडप मुद्दाम उघडलेली असते. तपासायचं असेल तर 'लो'वरच तपासा.

गॅरेजवाल्याला तुटका गिअर नेऊन दाखवला. त्याने तो बोटावर फिरवून बघितला, "हे कुठे असतंय ओ?" म्हणाला आणि डबीचा फोटो काढून घेतला. आता एकच उरलंय. पंखा जोरात लावला की जाळीतून मधूनच काळ्या स्पंजचे कण उडतात. झडपेवरचा फोम झडतोय. तो बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवायला लागतो, आणि झडप नीट फिरतेय तोवर मी त्याला हात लावणार नाही. सीट झाडायला जुना ब्रश गाडीतच ठेवलाय.