राखाडी बाकडं

परवा दुपारी गच्चीत कुरडया उलटायला गेले आणि दोन मिनिटं म्हणून बाकड्यावर टेकले तर तळव्यात कुसळासारखं काहीतरी गेलं. ते काढता काढता नीट बघितलं, बाकडं पार राखाडी झालंय. म्हणजे काही त्या दिवशी झालेलं नाही, दोन वर्षं तरी झाली असतील, मी बघितलं त्या दिवशी.

गावचं घर उतरवलं तेव्हा कुणी हंडे उचलले, कुणी पाट, माझ्या वाट्याला ओटीवरच्या तुळईचा तुकडा आला. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर तुळईचं काय करणार, म्हणून बाकडं करून घेतलं. सुताराने रंधा मारला आणि आतून मधासारखा रंग निघाला, वर तो चामड्यासारखा वास, अख्खी गच्ची भरून. तो मात्र वैतागला होता, सागाच्या अंगात वाळू असते म्हणाला, पातं बोथट होतं. धार लावायचे पैसे वेगळे घेतलेन. जाताना म्हणाला, ताई, उन्हापावसात ठेवणार असाल तर वार्निश मारू नका, पोपडे निघतील, सागाच्या पोटातच तेल असतं.

हे आमच्या बाबांना कधीच पटलं नसतं. गावाला अंगणात एक बाक होता आणि दिवाळी झाली की त्याला बेलतेल द्यायचा बाबांचा नेम होता. (बेलतेल बेलफळाचं असतं असं मी कॉलेजात जाईपर्यंत समजत होते. ते जवसाचं, उकळलेलं म्हणून बॉईल, बॉईलचं बेल.) आधी साबणाचं पाणी आणि नारळाची शेंडी घेऊन घासायचं ते आम्हा पोरांचं काम, तेही रेघांच्या दिशेने, कुणी आडवा हात मारला की पडवीतून ओरडा यायचा. मग दोन दिवस वाळवायचं, मग तेलात टर्पेंटाइन घालून फडक्याने पातळ हात, आणि पाव तासाने कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढायचं. एका वर्षी हे पुसणं राहिलं आणि भाऊबीजेला आत्याचे यजमान नव्याकोऱ्या धोतरासकट तिथे बसले ते उठताना पट्टी सोलल्यासारखा आवाज आला. नंतर ती फडकी, ती बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, आपोआप पेट घेतात, म्हणून बाबा ती एकेक सुटी करून दोरीवर टाकायचे, आईच्या पांढऱ्या साड्यांच्या शेजारी. त्यावरून जे व्हायचं ते व्हायचंच.

आम्हाला साग म्हणजे लाकूड नव्हतंच खरं तर. जूनमध्ये कोवळा पाला फुटला की तो तळहातावर चोळायचा, हात लालभडक होतात, आणि विव्हळत आजीकडे जायचं. पहिल्या वर्षी ती खरंच घाबरली. पुढे नुसतं म्हणायची, मेलास का? बरं, हात धू आणि जेवायला ये.

तर मीही इथे दोन वर्षं मे महिन्यात इमानाने तेल दिलं. जुलैत बाकड्यावर बुरशीचे काळे ठिपके. ओल्या हवेत बुरशीला तेच तेल खाऊ होतं, मी जणू तिलाच जेवायला वाढत होते. तिसऱ्या वर्षी सोडून दिलं. आता फक्त पायांखाली फरशीचे तुकडे ठेवलेत, कारण लाकूड पाणी पितं ते खालून, पायांच्या कापलेल्या टोकांतून, आणि लोखंडी खिळ्यांभोवती काळं उतरत होतं म्हणून ते काढून पितळी स्क्रू घातले. बाकी राखाडी रंग म्हणजे उन्हाने खाल्लेली नुसती वरची कातडी, आत सगळं जसंच्या तसं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानाचं त्रिंकोमाली नावाचं जहाज बांधलं ते अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय, माझं बाकडं चार पावसाळ्यांत कुठे जातंय.

हे सगळं मला पाठ आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते ऐकवतेही. तरी परवा कुसळ काढून झाल्यावर खाली जाऊन पॉलिश पेपर घेऊन आले. फक्त टोचत होतं तेवढंच घासू म्हटलं. चार हात मारले, तो मधाचा रंग वर आला, वास आला, आणि मी आपली घासतेय घासतेय, कुरडया विसरले, कावळ्याने दोन नेल्या. तेवढ्यात फोन वाजला म्हणून खाली गेले आणि परत काही वर जाणं झालं नाही.

आता राखाडी बाकड्याच्या बरोब्बर मध्ये तळहाताएवढा तपकिरी गोल आहे. काल शेजारच्या काकूंनी विचारलं, इथे काय सांडलं गं? मी म्हटलं, चहा.