नोंद ४ : कुलूप बाहेरून, चपला दारात

मागची नोंद लिहिली तेव्हा माझ्याकडे पोस्टरचे दोन खर्डे होते आणि ट्रेलरचा ९० सेकंदांचा कच्चा कट. आज पोस्टर छापून आलं आहे आणि ट्रेलर ५८ सेकंदांवर येऊन थांबला आहे. मधल्या सात आठवड्यांत काय काय झालं ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण यातलं निम्मं मला दुसऱ्यांनी दाखवलं आणि ते मला विसरायचं नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: माझ्या मित्राने १४ मिनिटांचा भयपट केलाय. पुण्याच्या नारायण पेठेत त्याच्या मामांचा वाडा आहे, तिथे श्रावणात तीन रात्री चित्रीकरण झालं. वाड्यात आता कुणी राहत नाही. बिल्डरशी करार झालाय, दिवाळीनंतर तो पाडणार. चित्रपट मित्राचा, पोस्टर आणि ट्रेलर माझ्याकडे. दिवसा नोकरी, रात्री साडेदहानंतर हे काम.

आधी पोस्टर.

पहिल्या खर्ड्यात दाराच्या फटीतून बाहेर आलेला हात होता, वर लाल ओघळणारी अक्षरं. दुसऱ्यात हात काढून खिडकीत चेहरा टाकला. दोन्ही बघितल्यावर भीती वाटत नव्हती, फक्त 'हा भयपट आहे' एवढं कळत होतं. हा फरक मला कळायला बराच वेळ लागला. लाल अक्षरं आणि फटीतला हात म्हणजे दुकानावरची पाटी. आत काय मिळतं ते सांगते, पण तिला कुणी घाबरत नाही.

हे मी जुन्या पोस्टरांना नावं ठेवायला लिहीत नाहीये. १९८८ साली रामसे बंधूंचा 'वीराना' हा भयपट आला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पीएमटीच्या, म्हणजे पुण्यातल्या सिटी बसमधून जाताना त्याचं पोस्टर दिसलं आणि मी आईचा पदर धरला, तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही. त्या पोस्टरकडे माझ्यासाठी पाच सेकंद होते. चालत्या बसमधून, तीस-चाळीस फुटांवरून एका पोराला गाठायचं तर चेहरा मोठाच लागतो, रंग भडकच लागतात. ते काम त्याने चोख केलं. माझं पोस्टर मात्र बसमधून कुणी बघणार नाही. ते बघितलं जाणार हातातल्या मोबाइलवर, वीतभर अंतरावरून, बहुतेक रात्री झोपायच्या आधी. इतक्या जवळून मोठा चेहरा दाखवला तर माणूस सरळ पुढे सरकतो. इथे त्याला थांबवून निरखायला लावायला हवं.

म्हणून मी तीन जुनी पोस्टरं समोर लावून बसलो. 'एलियन' (१९७९): काळ्या आकाशात एक अंडं, खाली चिरलेलं, चिरेतून हिरवट उजेड. चित्रपटातली अंडी दिसायला यापेक्षा कितीतरी वेगळी आहेत. पोस्टरवरचं अंडं जवळजवळ कोंबडीचं वाटावं असं आहे, आणि श्वापद तर पोस्टरवर कुठेच नाही. 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३): रस्त्यावरच्या दिव्याखाली बॅग घेऊन उभा असलेला माणूस आणि वरच्या खिडकीतून त्याच्यावर पडणारा झोत. या दृश्यामागे रेने माग्रित या बेल्जियन चित्रकाराचं एक चित्र आहे, ज्यात वर भरदिवसाचं आकाश आणि खाली रात्रीची गल्ली दिसते. या पोस्टरमध्ये मला सगळ्यात खिळवतो तो उजेड. घरातला दिवा दिसला की आपल्याला हायसं वाटतं, आणि इथे त्याच उजेडाकडे जाऊ नये असं वाटतं. तिसरं 'रोझमेरीज बेबी' (१९६८): हिरव्या रंगात आडवा चेहरा आणि त्याच्यापुढे छोटीशी काळी बाबागाडी. अंडं, खिडकीतला उजेड, बाबागाडी. तिन्ही वस्तू घराघरातल्या. त्यांत भीतीदायक असं काही नाही, फक्त त्या जिथे असू नयेत तिथे आहेत.

हे वहीत लिहिलं खरं, पण माझ्या दारावर ते कसं आणायचं ते सुचेना. ते सुचवलं आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी.

झालं असं की दुसरा खर्डा मी ए३ आकारात छापून आमच्या जिन्यात, ट्यूबलाइटखाली चिकटवला होता. लोक जाता-येता बघतात का, कुठे थांबतात, हे मला बघायचं होतं. बहुतेक जण 'छान झालंय' म्हणून पुढे गेले. आजी भाजीची पिशवी खाली ठेवून थांबल्या. खिडकीतल्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बोट थेट खालच्या डाव्या कोपऱ्यावर.

"अरे, या चपला कुणाच्या?"

मी वाकून पाहिलं. मित्राच्या चपला. दिवा लावायला तो अनवाणी ओट्यावर चढला होता आणि चपला खालीच राहिल्या होत्या. फोटो निवडताना मला त्या दिसल्या होत्या, पुसायच्या म्हणून यादीतही होत्या.

"मित्राच्या आहेत आजी, चुकून आल्यात. काढणार आहे."

"दाराला तर बाहेरून कुलूप आहे," आजी म्हणाल्या. "मग हा आत कसा गेला?"

मला तिथेच, जिन्यात, अंगावर काटा आला. दार बंद, कडी कोयंड्यात, कुलूप बाहेरून, आणि उंबऱ्यापाशी चपला. आपल्याकडे दारात चपला दिसल्या की त्या घरात कोण आलंय, किती जण आहेत, हे न विचारता कळतं. लहानपणापासून आपण हे वाचत आलो आहोत, त्यासाठी विचार करावा लागत नाही. आणि कुलूपही आपण तसंच वाचतो: घरात कुणी नाही. दोन्ही एकदम वाचली की डोक्यात गाठ बसते आणि ती सोडवायला माणूस पुन्हा चित्राकडे बघतो. चेहरा, लाल अक्षरं, सगळं त्याच रात्री काढून टाकलं.

त्यानंतरचे दोन आठवडे चपलांवर गेले. लहान मुलीच्या चपला ठेवून पाहिल्या; लगेच 'लहान मुलीचं भूत' अशी गोष्ट तयार झाली आणि गाठ सुटली. कोल्हापुरी ठेवल्या तर फोटो जाहिरातीसारखा सजवलेला वाटला. शेवटी मित्राच्या त्याच झिजलेल्या रबरी चपला ठेवल्या. खरा प्रश्न होता त्यांच्या दिशेचा. आपण आत जाताना चपला काढतो तेव्हा पुढचं टोक दाराकडे असतं. तसं ठेवलं की वाचणारा म्हणतो, कुणीतरी आत गेलंय. टोक बाहेर, रस्त्याकडे केलं की अर्थ फिरतो: कुणीतरी बाहेर यायच्या तयारीत आहे. मी दोन्ही छापून जिन्यात लावले. टोक बाहेर असलेल्यापाशी लोक जास्त रेंगाळले, पण का ते कुणालाच सांगता आलं नाही. तेच ठेवलं.

छपाईत एक फटका बसला. मोबाइलवर मिट्ट काळा दिसणारा दरवाजा कागदावर राखाडी, धुरकट आला. ज्यांनी छापलं त्यांनी फाइल जशी दिली तशीच छापली; फाइलमध्ये काळ्या भागात मी नुसती काळी शाई ठेवली होती. नुसती काळी शाई मोठ्या भागावर फिकी पडते. दुसऱ्या वेळी निळी ६०, गुलाबी ४०, पिवळी ४०, काळी १०० असं प्रमाण दिलं आणि काळोख खोल उतरला. भयपटाचं पोस्टर छापणार असाल तर एक छोटा तुकडा आधी छापून घ्या. काळा रंगच फसला तर बाकी सगळी मेहनत पाण्यात जाते.

आता ट्रेलर. इथे मी जास्त अडखळलो.

मराठीत दचकणं वेगळं आणि धास्ती वेगळी, आणि ट्रेलर कापणाऱ्याने हे दोन शब्द टेबलासमोर चिकटवून ठेवावेत असं मला आता वाटतं. दचकणं शरीराचं काम आहे. मोठा आवाज कानावर पडल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपासच पापणी मिटायला लागते, विचार त्यानंतर येतो. म्हणून कुणालाही दचकवता येतं. धास्तीला मात्र वेळ लागतो. माझ्या पहिल्या कटात दचकवणारे चार आवाज होते आणि धास्ती कुठेच नव्हती.

अकरावीतल्या भाचीला मोबाइलवर तो कट दाखवला. मी पडद्याकडे न बघता तिच्या हाताकडे बघत होतो. आवाज शांत झाला, पडदा काळा झाला, आणि तिचा अंगठा आवाजाच्या बटणावर गेला. आवाज तिने आधीच कमी करून टाकला. शांतता आली म्हणजे आता मोठा आवाज येणार, हे इतक्या ट्रेलरांनी शिकवलंय की प्रेक्षक सावरून बसलेला असतो. मोठा आवाज झाला, ती हसली, मोबाइल परत दिला.

त्या रात्री दोन जुने ट्रेलर पुन्हा पाहिले. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने 'सायको'साठी (१९६०) केलेला सहा मिनिटांहून मोठा ट्रेलर: तो स्वतः रिकाम्या घरातून फिरतो, इथे हे झालं, तिथे ते झालं असं सांगता सांगता मध्येच थांबतो आणि पुढच्या खोलीत जातो. चित्रपटातलं दृश्य असं जवळजवळ काहीच नाही. शेवटी न्हाणीघरातला पडदा सरकवल्यावर किंचाळणारी स्त्रीसुद्धा चित्रपटातल्या त्या प्रसंगातली जॅनेट ली नाही, ती व्हेरा माइल्स आहे. आणि 'द शायनिंग'चा (१९८०) ट्रेलर: लिफ्टच्या बंद दारांवर रोखलेला एकच स्थिर शॉट, वर सरकणारी नावं, मग दाराच्या फटीतून येणारा रक्ताचा लोंढा. एकही कट नाही. दोघांनीही प्रेक्षकाला एका लयीत बसवलंय आणि घाई केलेली नाही.

लय म्हटल्यावर मला माजघरातला झोपाळा आठवला. चित्रीकरणाच्या वेळी त्याचा आवाज मुद्दाम वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. सहा फुटी पितळी कड्या, डाव्या बाजूचा आकडा झिजलेला, झोपाळा मागे जाताना तेवढाच कुरकुरतो. एका हेलकाव्याला जवळजवळ २.७ सेकंद लागतात, म्हणजे संकलनाच्या टाइमलाइनवर ६५ फ्रेम (एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं). झोपाळा हळूहळू मंदावतो, हेलकावा लहान होत जातो, पण त्याला लागणारा वेळ तेवढाच राहतो, कारण तो कड्यांच्या लांबीवर ठरतो. हे शाळेत लंबकाच्या धड्यात शिकलेलं. हिशेब माहीत नसला तरी झोपाळ्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात ते मुरलेलं असतं.

मग सगळे शॉट त्या कुरकुरीवर कापले. चौक, जिना, माळ्याची फळी, तुळशीवृंदावन, कौलांवरून गळणारं पाणी. प्रत्येक कुरकुरीला एक शॉट. सहा वेळा आवाज वेळेवर येतो. सातव्या वेळी १४ फ्रेम उशिरा. अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त उशीर, बस. मोठा आवाज नाही, चेहरा नाही. रिकामा झोपाळा आपण होऊन उशीर करत नाही, त्याला कुणीतरी धरावं लागतं. काळजाचा ठोका चुकतो म्हणतात, तसा हा ठोका चुकवायला मला १४ फ्रेम लागल्या. ८ फ्रेमला कुणाच्या लक्षात आलं नाही, २० फ्रेमला लोकांना वाटलं मोबाइल अडकला.

आवाजाबद्दल आणखी एक, कारण मी यात तीन आठवडे घालवले. मला खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज हवा होता, जवळजवळ ऐकू न येणारा. मोठ्या स्पीकरवर तो छातीत जाणवायचा. मोबाइलवर तो शून्य, तेवढ्याशा स्पीकरला तो झेपतच नाही. आपला कान २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो, आणि आकड्याची ती कुरकुर नेमकी तिथे बसते. २०१० साली डॅनियल ब्लमस्टीन आणि सहकाऱ्यांनी १०२ चित्रपटांचे आवाज तपासले होते. ब्लमस्टीन मुळात मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्यांचे अभ्यासक. घाबरलेल्या पिल्लाचा आवाज फाटतो, चिरका होतो, तसाच खरखरीत गोंगाट आणि किंचाळ्या त्यांना भयपटांत अपेक्षेपेक्षा जास्त सापडल्या. झिजलेल्या आकड्याचा आवाजही असाच फाटका आहे. म्हणून मी तो साफ केला नाही. आवाज स्वच्छ करायचं बटण दाबायचा मोह झाला होता, पण मूळ ध्वनिमुद्रणच ठेवलं.

भाचीला नवा कट दाखवला. सातव्या कुरकुरीला तिचा अंगठा बटणावर गेला आणि ट्रेलर संपेपर्यंत तिथेच राहिला. मोठा आवाज आलाच नाही. "मामा, परत लाव," म्हणाली.

फाइलींना नावं देताना एक गोष्ट लक्षात आली. दाराची ती कडी आणि झोपाळ्याच्या त्या कड्या. मित्राला फोन केला, आणि अकरा महिने बिननावाच्या चित्रपटाचं नाव दोन मिनिटांत ठरलं: 'कडी'. पोस्टरवर नाव कुलपाच्या खाली आहे, लहान, पांढऱ्या अक्षरात.

ट्रेलरचे शेवटचे चार सेकंद अजून मोकळे आहेत. तिथे काळा पडदा आणि कुलूप उघडल्याचा आवाज हवाय. आवाजांच्या संग्रहातली सहा-सात कुलपं लावून पाहिली, सगळी नव्या, हलक्या धातूची वाटतात. वाड्याचं कुलूप जुनं, जाड, फिरवताना आत आधी एकदा अडतं आणि मग सुटतं. मामांकडून किल्ली आणली आहे, माझ्या तळव्याएवढी लांब. रविवारी पहाटे पाचला, रहदारी सुरू व्हायच्या आत, मी आणि मित्र ध्वनिमुद्रक घेऊन जाणार आहोत.